संगणकशास्त्राची पदवी : तिच्या अटींचा इतिहास

सन १९५७ मध्ये ॲम्स्टरडॅम शहरी एका तरुणाचा विवाह झाला. हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे विवाहाची नोंद करताना वराला आपला व्यवसाय सांगावा लागतो. या वराने आपण 'प्रोग्रॅमर', म्हणजे संगणकासाठी आज्ञावली रचणारे आहोत, असे सांगितले. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते लिहून घेण्यास साफ नकार दिला. असा कोणताही व्यवसाय जगात अस्तित्वात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर नोंदवहीत 'सैद्धांतिक पदार्थविज्ञानी' असे शब्द पडले आणि विवाह सुखरूप पार पडला. हे वर म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा. पुढे पंधरा वर्षांनी, १९७२ साली, संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना देण्यात आला, तेव्हा केलेल्या व्याख्यानात त्यांनी ही हकीकत स्वमुखाने सांगितली.

हकीकत विनोदी आहे. परंतु त्या अधिकाऱ्यांना केवळ हसून भागणार नाही. वैद्य कोणाला म्हणावे, वकील कोणाला म्हणावे, हे समाजाला ठाऊक असते. कारण वैद्य होण्यासाठी काय शिकावे लागते आणि वकील होण्यासाठी कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात, याविषयी समाजाचे एकमत झालेले असते. ज्या विद्येत प्रवेश करण्याच्या अटी ठरलेल्या नाहीत, ती विद्या अद्याप विद्या म्हणून उभी राहिलेली नाही, असेच व्यवहारी मनुष्य समजणार. १९५७ साली संगणकाच्या विद्येची स्थिती नेमकी हीच होती.

आज संगणकशास्त्राची पदवी मिळविण्यासाठी काय काय करावे लागते, असा प्रश्न केला, तर विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत त्याचे उत्तर छापलेले सापडते. अमुक इतके श्रेयांक, अमुक विषय अनिवार्य, अमुक ऐच्छिक, शेवटच्या वर्षी एक प्रकल्प. ही यादी वाचावयास अत्यंत रुक्ष वाटते. तथापि तिच्यातील प्रत्येक कलमामागे एकेक वाद आहे. या वादांच्या मुळाशी एकच पेच होता. संगणक हे यंत्र इतक्या झपाट्याने बदलते की, पहिल्या वर्षी हाताळलेले यंत्र चौथ्या वर्षी अडगळीत गेलेले असते. मग विद्यार्थ्याच्या आयुष्याची तीन-चार वर्षे मागून घेताना, त्याला असे काय द्यावे की जे यंत्राबरोबर मोडीत निघणार नाही? पदवीच्या अटींचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची निरनिराळ्या काळी दिली गेलेली उत्तरे होत.

प्रारंभी अर्थातच पदवी नव्हती आणि अटीही नव्हत्या. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे तयार झालेले 'एनिॲक' हे प्रचंड गणकयंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आले. त्याच्यासाठी गणिते मांडून देण्याचे काम सहा तरुण स्त्रियांनी केले. त्यांपैकी कॅथलीन मॅकनल्टी आणि फ्रान्सिस बायलस या १९४२ साली गणित घेऊन पदवीधर झाल्या होत्या. जीन जेनिंग्ज यांनी १९४५ साली गणिताचीच पदवी घेतली होती. यंत्र कसे चालवावे याचे पाठ्यपुस्तक नव्हते. यंत्राच्या रचनेचे आराखडे समोर पसरून त्यांनी ती विद्या आपली आपण शिकून घेतली. संगणकाची पहिली पिढी ही अशी गणिताच्या, पदार्थविज्ञानाच्या आणि विद्युत अभियांत्रिकीच्या घरांतून आलेली होती. दत्तक आलेल्या मुलाप्रमाणे ती नव्या घरात रुळली; पण घराला अजून नाव नव्हते.

हा विषय पद्धतशीरपणे शिकवून त्याबद्दल प्रमाणपत्र देण्याचा पहिला मान इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाकडे जातो. तेथील गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांनी सहकाऱ्यांसह उभारलेल्या 'एड्सॅक' या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपले पहिले गणित यशस्वीपणे सोडविले. १९५१ साली तेथील उन्हाळी वर्गाला जी मंडळी आली, त्यांत तरुण डायक्स्ट्राही होते. १९५३ साली केंब्रिजने एका वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. तो पदवीधरांसाठी होता. त्याच्या नावात 'संख्यात्मक विश्लेषण' हे शब्द आधी येत आणि 'स्वयंचलित गणन' हे शब्द मागून. हा क्रम बोलका आहे. संगणक म्हणजे जलद आकडेमोड करणारा कारकून; तेव्हा त्याच्यापुढे आकडेमोड कशी मांडावी, समीकरणांची उत्तरे पायरीपायरीने कशी काढावी, चूक किती राहते याचा अंदाज कसा करावा, हीच मुख्य विद्या असे तेव्हा मानले जाई. अटी गणिताच्या होत्या. यंत्र हे साधन होते.

विद्येला स्वतंत्र घर मिळावयास आणखी दहा वर्षे जावी लागली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ साली संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्या देशातील तो पहिला समजला जातो. स्टॅनफर्ड येथे जॉर्ज फॉर्साइथ यांनी गणित विभागाच्या पोटात वाढविलेली शाखा १९६५ साली स्वतंत्र झाली. इंग्लंडात मँचेस्टर येथे टॉम किल्बर्न यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली विभाग निघाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पर्ड्यू येथे आधी उच्च पदव्या सुरू झाल्या आणि पहिल्या पदवीचा अभ्यासक्रम १९६७ साली मंजूर झाला. म्हणजे इमारतीचा वरचा मजला आधी बांधला गेला आणि पाया नंतर घातला गेला! याचे कारण सरळ आहे. संशोधकाला काय करावयाचे ते त्याचे त्याला ठाऊक असते. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला काय शिकविले म्हणजे तो या शास्त्राचा पदवीधर होतो, हे सांगणे फार कठीण होते.

कारण शास्त्र म्हणून त्याला मान्यता देण्यासच अनेकांचा विरोध होता. गणिती म्हणत, यात आमच्या विषयाहून निराळे असे काय आहे? अभियंते म्हणत, यंत्र आम्ही बांधले, तेव्हा विषयही आमचाच. इतर शास्त्रज्ञांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. शास्त्र हे निसर्गाचे असते; मनुष्याने बनविलेल्या यंत्राचे कसले शास्त्र? या आक्षेपाला ॲलन न्यूएल, ॲलन पर्लिस आणि हर्बर्ट सायमन या तिघांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून उत्तर दिले. जेथे निरीक्षण करण्याजोग्या घटना आहेत तेथे त्यांचे वर्णन व उपपत्ती करणारे शास्त्र संभवते. संगणकाभोवती अशा घटना आहेत. म्हणून संगणकशास्त्र आहे, असा त्यांचा थोडक्यात युक्तिवाद होता. फॉर्साइथ यांची भूमिका शिक्षकाची होती. शिक्षणातून मिळणारी खरी मिळकत म्हणजे जन्मभर उपयोगी पडणारी बुद्धीची हत्यारे. त्यांत भाषा आणि गणित यांच्यानंतर तिसरे स्थान संगणकशास्त्राला द्यावे, असे ते प्रतिपादन करीत.

वाद असा रंगात आला असताना, मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतील 'असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी' या संस्थेच्या समितीने एक अहवाल प्रसिद्ध केला. समितीचे अध्यक्ष विल्यम ॲचिसन हे होते. 'करिक्युलम ६८' या नावाने हा अहवाल प्रसिद्ध आहे आणि आजच्या पदवीची वंशावळ तेथपर्यंत जाऊन पोहोचते. समितीने एकंदर बावीस अभ्यासक्रमांची रूपरेषा आखली : चार प्राथमिक, नऊ मध्यम आणि नऊ उच्च. पदवीच्या विद्यार्थ्याने चारही प्राथमिक अभ्यासक्रम करावेत. मध्यम गटातील माहितीच्या रचना, आज्ञावलीच्या भाषा, संगणकाची अंतर्रचना आणि यंत्रव्यवस्थेची आज्ञावली असे चार करावेत. आणि त्याच गटातील उरलेल्या पाचांपैकी कोणतेही दोन निवडावेत, अशी शिफारस होती. शिवाय कलनशास्त्र, संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित यांसह गणिताचे किमान सहा अभ्यासक्रम. प्रथमच कोणीतरी एका कागदावर लिहून दाखविले होते की, इतके केले म्हणजे मनुष्य या शास्त्राचा पदवीधर होतो.

या यादीत यंत्राच्या कोणत्याही एका नमुन्याचे नाव नव्हते, हीच तिची थोरवी. तिच्यातील दोन विषयांचे स्वरूप उदाहरणाने पाहिले, म्हणजे समितीचा हेतू स्पष्ट होतो.

पहिला विषय माहितीच्या रचनेचा. एक लाख शब्दांचा कोश आहे, पण त्यातील शब्द वाटेल त्या क्रमाने छापलेले आहेत, अशी कल्पना करावी. एखादा शब्द हुडकावयाचा तर प्रसंगी एक लाख शब्द वाचावे लागतील. तोच कोश वर्णानुक्रमाने असेल, तर मधोमध उघडावा. हवा असलेला शब्द अलीकडे आहे की पलीकडे, ते पाहावे. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे. अशा रीतीने फार तर सतरा वेळा पाहिले की शब्द सापडतो अथवा तो कोशात नाही हे कळते. यंत्र तेच, वाचणारा तोच. परंतु केवळ मांडणी बदलल्याने लाखाचे सतरा झाले. यंत्र दहापट वेगवान केल्याने जे साधत नाही ते विचाराने साधते. हे ज्ञान १९६८ साली खरे होते, आजही खरे आहे, आणि कोणतेही नवे यंत्र निघाले तरी खोटे ठरणार नाही.

दुसरा विषय तुटक राशींच्या गणिताचा. यालाच विद्यापीठांतून 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' म्हणतात. कलनशास्त्र हे उतारासारखे आहे. त्यावर कोठेही उभे राहता येते. संगणक मात्र जिना चढतो. या पायरीवरून त्या पायरीवर, मध्ये काही नाही. तर्कशास्त्र, संच, आलेख, गणनाचे नियम ही जिन्याची गणिते होत. सुमारे तीनशे वर्षे पदार्थविज्ञानाची सोबत करणारे कलनशास्त्र एकटे येथे पुरे पडत नाही, हे समितीने ओळखले आणि या गणिताला प्राथमिक अभ्यासक्रमातच स्थान दिले.

अमेरिकेत ही यादी तयार होत असताना हिंदुस्थानातही या विद्येचा पाया घातला जात होता आणि त्याचा क्रम तोच होता : आधी यंत्र, मग संशोधन, आणि सर्वांत शेवटी पदवी. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत 'हेक' जातीचा परदेशी संगणक १९५५–५६ च्या सुमारास बसविण्यात आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र तरुण मंडळींनी संगणक स्वतः बांधावयास घेतला. त्यांचे मार्गदर्शक आर. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातील होती. १९६० साली पूर्ण क्षमतेने चालू झालेल्या या यंत्राला पुढे 'टिफ्रॅक' असे नाव मिळाले. त्याच्या स्मृतिकोशात चाळीस अंशांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. तरीही मुंबईतील अनेक संशोधकांनी या विद्येची मुळाक्षरे तेथेच गिरविली.

शिक्षणाच्या बाजूने मोठे पाऊल पडले ते कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत. ऑगस्ट १९६३ मध्ये तेथे 'आय. बी. एम. १६२०' हा संगणक आला आणि त्यावर विद्यार्थ्यांसाठी वर्ग सुरू झाले. प्राध्यापक व्ही. राजारामन यांच्यासारख्यांनी येथे शिकविले. त्यांची पाठ्यपुस्तके पुढे देशभर, महाराष्ट्रातील महाविद्यालयांतूनही, विद्यार्थ्यांच्या हाती पडली. कानपूरला १९७१ साली उच्च पदव्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला आणि पहिल्या पदवीचा अभ्यासक्रम १९७८ साली. पर्ड्यूप्रमाणे येथेही वरचा मजला आधी आणि पाया नंतर.

याच सुमारास अमेरिकेत पाया पुन्हा उकरला जात होता. व्यापारी पेढ्या, बँका, विमानकंपन्या यांना आता आज्ञावली लिहिणारी माणसे हजारोंनी हवी होती. त्या मागणीची छाया अटींवर पडली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'करिक्युलम ७८' या सुधारित शिफारशीत आज्ञावली रचण्याला अधिक महत्त्व आले आणि गणिताचा मूळ अभ्यासाशी असलेला सांधा सैल झाला. पुढल्याच वर्षी अँथनी राल्स्टन आणि मेरी शॉ यांनी त्यावर टीकालेख लिहिला. संगणकशास्त्र खरोखरच इतके गणितविन्मुख आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आजची कामे आज करून देणारा कारागीर आणि उद्याची कामे उद्या शिकू शकणारा शास्त्रज्ञ, यांपैकी विद्यापीठाने कोण घडवावयाचा? हा वाद दिसावयास श्रेयांकांचा होता. वस्तुतः तो विद्यार्थ्याच्या पुढल्या चाळीस वर्षांविषयीचा होता.

या वादातील सर्वांत कडवी भूमिका घेतली ती ज्यांच्या विवाहापासून ही कथा सुरू झाली, त्या डायक्स्ट्रा यांनी. १९८८ साली, टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक असताना, त्यांनी असे प्रतिपादन केले की, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संगणकाजवळ जाऊच देऊ नये. आज्ञावली ही गणितातील सिद्धतेसारखी वस्तू आहे. ती बरोबर आहे हे कागदावर सिद्ध करावयास शिकवावे. चालवून पाहावी, चुकली तर ठिगळ लावावे, पुन्हा चालवून पाहावी, या सवयीने बुद्धी आळशी होते. पुढल्या वर्षी त्यांचे हे मत रिचर्ड कार्प, टेरी विनोग्राड, डेव्हिड पार्नास आदी नामवंतांच्या उत्तरांसह छापून आले. पोहण्याची विद्या काठावर बसून येत नाही, अशा आशयाचे आक्षेप या भूमिकेवर नेहमीच घेतले गेले आणि ते खोटे नव्हेत. डायक्स्ट्रा यांची अट कोणत्याही मोठ्या अभ्यासक्रमाने जशीच्या तशी स्वीकारली नाही. पण त्यांनी ओढलेली रेघ पुसलीही गेली नाही. २००१ साली आलेल्या पुढील मोठ्या शिफारशीत एकूण २८० तासांचा अनिवार्य अभ्यास सांगितला होता. त्यांत सर्वांत मोठा वाटा, ४३ तासांचा, तुटक राशींच्या गणिताला मिळाला. उलट ज्याच्या नावाने केंब्रिजची पदविका निघाली होती, त्या संख्यात्मक विश्लेषणाला अनिवार्य असा एक तासही उरला नाही! अर्ध्या शतकात घरातील वडीलधारा विषय ओसरीवर आला आणि धाकटा माजघरात बसला.

त्याच २००१ च्या यादीत आणखी एक नोंद आहे, जिचा १९६८ च्या अनिवार्य यादीत मागमूस नव्हता. समाज, नीती आणि व्यावसायिक जबाबदारी या विषयाला सोळा तास. त्यामागे अनुभव आहे, आणि तो दुःखाचा आहे. १९८५ ते १९८७ या काळात 'थेरॅक–२५' नावाच्या किरणोपचाराच्या यंत्राने अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांवर प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. त्यांत काहीजण प्राणास मुकले. दोषांपैकी महत्त्वाचे दोष आज्ञावलीतील होते, आणि आधीच्या यंत्रांतील संरक्षक कळा काढून टाकून सारा भरवसा त्या आज्ञावलीवर ठेवण्यात आला होता. वर्गातील चूक लाल शाईने दुरुस्त होते. रुग्णालयातील चूक दुरुस्त होत नाही. १९९१ च्या शिफारशीपासून हा विषय संगणकशास्त्राच्या अभ्यासात अधिकृतपणे आला आणि आजच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण बहुधा वर्गातच शिकावे लागते.

आतापर्यंत पाहिल्या त्या अटी छापील होत्या. परंतु प्रत्येक विद्येच्या दारात काही न छापलेल्या अटीही उभ्या असतात आणि त्या अधिक कठोर असतात. एनिॲकच्या त्या सहा स्त्रियांची येथे पुन्हा आठवण होते. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा ३७ होते. पुढे ते घसरत घसरत शेकडा १८ च्या आसपास आले. ज्या विद्येची पहिली मुळाक्षरे स्त्रियांनी गिरविली, तिच्यातून त्या का ओसरल्या? जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात याचा अभ्यास केला. घरोघरी संगणक आले तेव्हा ते प्रायः मुलांच्या खोलीत ठेवले गेले, मुलींच्या नव्हे. परिणामी विद्यापीठात येण्यापूर्वीच यंत्राशी खेळलेला विद्यार्थी हाच लायक विद्यार्थी, असा समज शिक्षकांत व विद्यार्थ्यांत रूढ झाला. नियमपुस्तिकेत ही अट कोठेही नव्हती. पण वर्गात ती जागोजाग होती. विद्यापीठाने प्रवेश देताना पूर्वानुभवाला महत्त्व देण्याचे सोडले आणि नवख्यांसाठी पहिला अभ्यासक्रम निराळा आखला. १९९५ साली नव्या विद्यार्थ्यांत शेकडा ७ असलेले मुलींचे प्रमाण २००० साली शेकडा ४२ वर गेले. पदवीच्या अटी कोठेही शिथिल केल्या नव्हत्या. फक्त न लिहिलेली एक अट खोडून टाकली होती.

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून आलेल्या मुलामुलींपुढे अशीच एक न छापलेली अट दीर्घकाळ उभी आहे, ती इंग्रजीची. गणितात प्रवीण असलेला विद्यार्थी पहिल्या सहामाहीत अडखळतो तो बहुधा विषयाने नव्हे, पाठ्यपुस्तकाच्या भाषेने. २०२१ साली अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अनुमती दिली आणि पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरू झाला. परिभाषा घडवावयाची आहे, ग्रंथ लिहावयाचे आहेत, आणि पुढे इंग्रजीवाचून चालणारही नाही. तथापि 'समजणे' आणि 'इंग्रजीत समजणे' या दोन वेगळ्या अटी आहेत, एवढे मान्य होणे हीही लहान गोष्ट नव्हे.

आज या देशात पदवीच्या अटी कशा मांडल्या जातात, ते थोडक्यात असे. मापाचे एकक श्रेयांक हे आहे. एका सत्रात दर आठवड्यास एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक; प्रयोगशाळेत तितक्यासाठी दुप्पट तास द्यावे लागतात. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक सांगितले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात विज्ञानादी शाखांच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या विशेष पदवीसाठी १६०. संगणकशास्त्र घेणाऱ्याच्या वाट्याला यांतून गणित, आज्ञावली रचना, माहितीच्या रचना, संगणकाची अंतर्रचना, यंत्रव्यवस्था, माहितीचे साठे, जालरचना, गणनाची उपपत्ती, काही ऐच्छिक विषय आणि शेवटी प्रकल्प असा संसार येतो. या यादीत करिक्युलम ६८ चा चेहरामोहरा कोणासही ओळखता येईल. गणनाची उपपत्ती हा विषय तर त्याहूनही जुना. कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले. तेव्हा विजेवर चालणारा असा संगणक बांधलाही गेला नव्हता. यंत्र जन्मण्यापूर्वी त्याची मर्यादा सिद्ध झाली होती, आणि ती मर्यादा जाणणे ही आजही पदवीची अट आहे.

अलीकडे एक नवा प्रश्न पालकांच्या तोंडी ऐकू येतो. २०२२ नंतर साध्या भाषेत सांगितले असता आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घरोघर पोहोचली. यंत्रच आज्ञावली लिहिणार असेल, तर मुलाने चार वर्षे घालवून ही पदवी घ्यावी कशाला? प्रश्न नवा दिसतो. पण ज्या १९५७ साली ॲम्स्टरडॅमच्या नोंदवहीत प्रोग्रॅमर या व्यवसायाला जागा मिळाली नाही, त्याच साली आय. बी. एम. कंपनीची 'फोरट्रान' ही भाषा वापरात आली, आणि तिचे वर्णन आज्ञावली आपोआप तयार करणारी पद्धती असेच केले गेले होते. मनुष्याने सूत्रे लिहावी, यंत्राच्या बारीकसारीक आज्ञा यंत्रानेच बनवाव्या. त्यामुळे आज्ञावली रचणाऱ्यांची गरज संपली नाही. त्यांनी काय जाणावे, हे मात्र बदलले. यंत्राच्या कळा पाठ असण्याची अट गेली, आणि प्रश्न नीट मांडण्याची, उत्तर पारखण्याची अट वाढली. या खेपेचा बदल त्याहून मोठा ठरू शकेल. पण त्याची दिशा इतिहासाला अनोळखी नाही. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती ते यंत्र देणे म्हणजे किरणोपचाराच्या यंत्रातील संरक्षक कळा पुन्हा एकदा काढून टाकणे होय.

तेव्हा नियमपुस्तिका हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने व त्याच्या वडीलधाऱ्यांनी ती यादी थोड्या निराळ्या दृष्टीने वाचावी. तिच्यातील काही विषय आजच्या बाजाराचे आहेत. ते येतील आणि जातील. काही विषय मात्र सहा दशकांच्या भांडणातून टिकून उरलेले आहेत. नीट मांडणी, पायरीपायरीचा तर्क, मर्यादेची जाणीव आणि दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी, असे त्यांचे सार आहे. पहिल्या प्रकारचे विषय नोकरी मिळवून देतात. दुसऱ्या प्रकारचे ती नोकरी बदलली तरी माणसाला उभे ठेवतात.

आज मराठी घरांतून विवाहासाठी जी माहितीपत्रके फिरतात, त्यांत 'संगणक अभियंता' हे शब्द इतके सर्रास आढळतात की, कोणाही वधूपित्याला वा वरपित्याला त्यांचे नवल वाटत नाही. ॲम्स्टरडॅमच्या त्या अधिकाऱ्यांनी मोकळा ठेवलेला रकाना भरला गेला आहे. तो भरला तो यंत्रांनी नव्हे. या विद्येत येणाऱ्याला काय कळले पाहिजे, याविषयी ज्यांनी इतकी वर्षे चिकाटीने वाद घातला, त्या शिक्षकांनी.